कृत्रिम जगाचें वय : ‘ड्वार्फ फॉर्ट्रेस’ या खेळांतील इतिहासाचें परीक्षण

जग जितकें जुनें, तितका त्याचा इतिहास संपन्न, असा एक समज आहे. तो आमच्या संशोधकांत आढळतो, आणि ‘ड्वार्फ फॉर्ट्रेस’ हा संगणकावरील खेळ खेळणाऱ्यांतही आढळतो. या समजांत तथ्य किती, हा एकच प्रश्न आम्हीं प्रस्तुत परीक्षणापुरता घेतला आहे. खेळासारख्या विषयास या त्रैमासिकांत जागा कां द्यावी, अशी शंका कांहीं वाचक घेतील. त्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, हा खेळ आधीं इतिहास रचतो आणि मागून खेळूं देतो. राजे, वंश, लढाया, देवळें, ग्रंथ, ग्रंथकार हें सर्व खेळणारा येण्यापूर्वींच होऊन गेलेलें असतें, व त्याची नोंदही झालेली असते. घडून गेलेली गोष्ट मागून येणाऱ्यांवर आपला अंमल कसा चालविते, आणि तो अंमल केव्हां उठतो, हा आमच्या व्यासंगांतला मूळ प्रश्न होय. तो येथें वर्षांची संख्या हवी तशी कमीजास्त करून तपासतां येतो. आमच्या दप्तरांच्या बाबतींत अशी सोय नाहीं.

खेळाचा परिचय थोडक्यांत देतों. टार्न ॲडम्स व झॅक ॲडम्स या दोघां अमेरिकन बंधूंनीं तो रचिला. पैकीं टार्न हे स्टॅनफर्ड विद्यापीठाचे गणितांतील डॉक्टर. काम २००२ सालीं आरंभिलें. पहिली प्रत २००६ च्या ऑगस्टांत लोकांस विनामूल्य मिळूं लागली. २०१२ सालीं न्यूयॉर्क येथील ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’नें आपल्या संग्रहासाठीं तो निवडिला. २०२२ च्या डिसेंबरांत चित्रांनीं सजविलेली विक्रीची आवृत्ति निघाली. मूळ प्रतींत मात्र डोंगर, नदी, मनुष्य, पशु हे सारे अक्षरांनीं व चिन्हांनींच दाखविलेले असत. ड्वार्फ म्हणजे डोंगर पोखरून राहणारी, दाढीवाली, दारूची भोक्ती अशी एक कल्पित बुटकी जात. तिचे सात इसम ओसाड जागीं येतात आणि खडक खोदून गढी वसवितात, हा खेळाचा मुख्य प्रकार. यापुढें त्यांस आम्ही बुटके म्हणूं. खेळांत ठरलेला असा विजय नाहीं. गढी केव्हां तरी पडावयाची, आणि पडण्यांतच मौज आहे, हें या खेळाचें ब्रीद.

गढीचा प्रारंभ होण्यापूर्वीं यंत्र प्रथम भूमि घडवितें. डोंगर, नद्या, रानें, गुहा तयार झाल्या कीं निरनिराळ्या जाती त्यांत वसतात आणि पहिल्या वर्षापासून काळ चालूं लागतो. वर्ष बारा महिन्यांचें व महिना अठ्ठावीस दिवसांचा, म्हणजे वर्षाचे दिवस ३३६. हा काळ किती चालूं द्यावा, तें खेळणारा ठरवितो. पांच वर्षांवर थांबवावा, अगर हजाराच्या पलीकडे न्यावा. वर्षें वाढतील तसा यंत्रास वेळ अधिक लागतो व नोंदींचा भार वाढतो. हा भार खेळणारे हौसेनें सोसतात, तो वर सांगितलेल्या समजापायींच.

परंतु या जगाचें वय खेळ स्वतः केवळ वर्षांनीं मोजीत नाहीं, ही पहिली लक्षांत घेण्याजोगी गोष्ट. तो काळाचीं युगें पाडतो, आणि तीं कशावरून पाडतो हें संशोधकांनीं पाहण्यासारखें आहे. आरंभीं ड्रॅगन, हायड्रा, रॉक पक्षी, काशाचे चालते पुतळे, टायटन असे महाप्राणी पुष्कळ हयात असतात, तें पुराणयुग. लढायांत ते मरूं लागले आणि बरेच कमी झाले कीं दंतकथांचें युग येतें. थोडेच उरले कीं वीरयुग. अगदीं एखादाच शिल्लक राहिला, तर युगास त्या प्राण्याचें नांव पडतें. आणि सुसंस्कृत असा कोणीच प्राणी उरला नाहीं, तर तें शून्यतेचें युग. सारांश, युग ठरतें तें लोटलेल्या वर्षांवरून नव्हे, हयात असलेल्यांवरून. त्यामुळें पांचशें वर्षांचें एखादें जग पुराणयुगांतच असूं शकतें, व दीडशें वर्षांचें दुसरें वीरयुगांत पोंचलेलें असूं शकतें. खेळणाऱ्याच्याच गढीच्या दारांत असा एखादा प्राणी मारला गेला, तर त्या दिवसापासून युग पालटूं शकतें. आमच्या इकडे युगांच्या सीमा इतिहासकार मागाहून आंखतात. येथें त्या जिवंतांची मोजदाद करून पडतात. रचनाकारांची ही योजना आम्हांस मार्मिक वाटते. मात्र तिच्यांतून निघणारा निष्कर्ष खेळणारे घेत नाहींत. तो असा कीं, जुनेपणाची संपत्ति शिलकेंत असते, नोंदींच्या संख्येंत नसते.

हा निष्कर्ष तीन वयांच्या जगांस लावून पाहूं.

पांच वर्षांच्या जगांत धोका पुष्कळ आणि इतिहास थोडा. महाप्राणी बहुतेक सर्व जिवंत. कोणता केव्हां दाराशीं येईल याचा नेम नाहीं. पण जो येतो त्याच्या नांवावर फारसें कांहीं जमा नसतें. राजा हा पहिलाच राजा, आणि मूळच्या लोकांस आईबाप असे नाहींतच. आजा नसलेल्या माणसांचें हें जग आहे. बुटक्यांचे कारागीर गढीच्या भिंतींवर चित्रें कोरतात, व त्यांचे विषय पुष्कळदां जगाच्या इतिहासांतून घेतात. तरुण जगांत त्यांस विषयच अपुरे पडतात, आणि मग पशु, झाडें, आकृति यांवरच भिंती भरतात. अशा जगांत झुंज आहे, पण वैर नाहीं. कारण वैरास आधीं कांहीं तरी घडून गेलेलें असावें लागतें.

सव्वाशें ते अडीचशें वर्षांच्या टप्प्यांत निराळीच गोष्ट दिसूं लागते. ती समजण्यास जातींचें आयुर्मान ध्यानांत घेतलें पाहिजे. बुटका जास्तींत जास्त १५० ते १७० वर्षें जगतो. माणसाची मर्यादा ६० ते १२०. गॉब्लिन व एल्फ या जाती वार्धक्यानें मरतच नाहींत. त्यांस शस्त्रानें किंवा अपघातानेंच मरण येतें. आतां हिशेब सरळ आहे. जग १२५ वर्षांचें असेल, तर पहिल्या वर्षीं जन्मलेला बुटका १२४ वर्षांचा होऊन जिवंत असणें शक्य. म्हणजे आरंभींच्या लढायांचे साक्षीदार त्या जातींत अद्याप आहेत. जग २५० वर्षांचें झालें कीं त्या पिढीचा एकही सामान्य बुटका उरत नाहीं. पण ज्या गॉब्लिनांशीं त्या लढाया झाल्या, त्यांतला एखादा मात्र तसाच असूं शकतो. पराभूतांच्या बाजूची आठवण संपली, जेत्यांच्या बाजूची शिल्लक आहे, असा विषम प्रसंग येथें उत्पन्न होतो. १०५० वर्षांच्या जगांत बुटक्यांचीं सहा पूर्ण आयुष्यें होऊन जातात, आणि आरंभाविषयीं त्यांच्यापाशीं वस्तूंखेरीज कांहींच राहत नाहीं. सभासदाची बखर शिवछत्रपतींच्या निधनानंतर (१६८०) दीड दशकाच्या सुमारास, त्यांच्या पदरच्या मनुष्यानें लिहिली. चिटणीसाची बखर सव्वाशेंहून अधिक वर्षांनंतरची. या दोहोंतलें अंतर आमच्या वाचकांस सांगावयास नको. खेळांतला १२५ आणि २५० या वयांतला भेद त्याच जातीचा आहे.

आमच्याच अनुभवांतला एक दाखला देतों. २५० वर्षांच्या एका जगांत आमच्या कारागिरानें जेवणघराच्या भिंतीवर एक प्रसंग कोरला : एक गॉब्लिन बुटक्यांच्या राजास मारीत आहे. प्रसंग नव्वद वर्षांपूर्वींचा. कोरणाऱ्याच्या जन्माच्याही आधींचा तो. आम्हींही तो नुसता वाचून सोडून दिला. दोन वर्षांनीं गढीस वेढा पडला, आणि वेढा घालणाऱ्यांचा म्होरक्या तोच गॉब्लिन निघाला. भिंतीवरचें चित्र त्या दिवशीं आमच्या दृष्टीनें कागदपत्र झालें. तत्पूर्वीं तें केवळ शोभेचें होतें. त्या नोंदीस वजन आलें तें ती जुनी म्हणून नव्हे, तर तिच्यांतला एक पक्ष अद्याप हयात होता म्हणून.

आतां फार जुन्या जगाकडे वळूं. हजार वर्षांच्या जगांत खेळाचें पारडें पालटलेलें असतें. न मरणाऱ्या जातींचें बळ वाढत जातें. गॉब्लिनांचीं राज्यें पुष्कळदां विस्तारलेलीं दिसतात, आणि त्यांच्या गादीवर पाताळांतून वर आलेले, वार्धक्य नसलेले दैत्य शतकानुशतकें बसलेले असतात. महाप्राणी विरळ होतात. ड्रॅगनाची पूर्ण वाढ होण्यास १००० वर्षें लागतात, त्यामुळें जो एखादा इतकीं वर्षें वांचला असेल तो अवाढव्य असतो. कोठें कोठें बुटक्यांचें मूळ राज्यच बुडालेलें असतें. अशा बुडालेल्या राज्याच्या नांवानें सात इसम निघाले, तर पहिल्या दोन तुकड्यांपलीकडे वसाहतीस नवे लोक येत नाहींत, आणि मूळ राजधानीचा व्यापारी तांडा शरद् ऋतूंत यावयाचा तो येतच नाहीं. जगाचें वय खेळावर परिणाम करतें याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. तेथें इतिहास वाचावा लागत नाहीं. रिकामी वाट पाहूनच तो कळतो.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस आणखी एक प्रकार विशेष वाटेल. खेळांतला एखादा देव आपल्या भक्तास मृत्यूचें रहस्य शिलालेखावर लिहून देतो. तो भक्त मृतांस उठविणारा मांत्रिक बनतो, त्याचें वय वाढणें थांबतें, आणि तो शिष्य करतो, बुरुज बांधतो व ग्रंथ लिहितो. कांहीं ग्रंथांत तें रहस्यच उतरलेलें असतें. जो तो ग्रंथ वाचील तोही तसाच मांत्रिक होऊं शकतो. जग जितकें जुनें, तितका या मांत्रिकांस व त्यांच्या ग्रंथांस पसरण्यास अवकाश अधिक. बुरुजाजवळ गढी बांधिली तर प्रेतांच्या फौजा चालून येतात. आणि दूर बांधिली, तरी एखादें पुस्तक वाचनालयांत येऊन पडतें आणि निरुपद्रवी वाचकास बिघडवितें. २०१५ सालच्या आवृत्तीपासून खेळांत वाचनालयें, पंडित व नकलनवीस आले. कागद, चर्मपत्र, गुंडाळ्या, बांधीव पोथ्या तयार होऊं लागल्या. तेव्हांपासून ग्रंथ हा या जगांत भूतकाळाचा खरा वाहक झाला. सहाशें वर्षांपूर्वींच्या लढाईचें आज कोणास कांहीं वाटत नाहीं. सहाशें वर्षांपूर्वींची पोथी आज माणूस बदलूं शकते. आमच्या सिद्धांतास याहून चांगला पुरावा नको.

येथवर रचनेची प्रशंसा झाली. आतां दोष.

खेळांत ‘लेजंड्स’ नांवाचा एक भाग आहे. त्यांत जगाचा सर्व इतिहास व्यक्तिवार, स्थळवार, वर्षवार वाचावयास मिळतो : अमक्या सालीं अमका जन्मला, अमक्या ठिकाणीं राहावयास गेला, अमक्यानें त्यास मारिलें. ही एक अवाढव्य शकावली आहे, आणि जुन्या जगाच्या चाहत्यांचें प्रेम मुख्यतः हिच्यावर आहे. परंतु या शकावलीस कर्ता नाहीं. ती कोणीं लिहिली, कोणाच्या सांगण्यावरून लिहिली, लिहिणारा कोणाच्या पदरचा होता, हे प्रश्नच तिला विचारतां येत नाहींत. तिच्यांत चूक नाहीं, मतभेद नाहीं, बनावट सनद नाहीं, दोन प्रतींतला पाठभेद नाहीं. ती प्रत्यक्ष यंत्राचीच स्मृति आहे. वाचतांना प्रथम सुख होतें. पन्नास पानें वाचल्यावर ध्यानांत येतें कीं, जेथें खोटें असूं शकत नाहीं तेथें शोधावयासही कांहीं नाहीं. संशोधकाचें काम त्या वहीनें आधींच संपविलें आहे, आणि तेंही कोणास न विचारतां.

बरें, ती वही संपूर्ण तरी आहे काय ? जगनिर्मितीच्या तपशीलवार पर्यायांत ‘बिनमहत्त्वाच्या ऐतिहासिक व्यक्ति’ गाळून टाकण्याची योजना आहे. भार हलका व्हावा, हा तिचा हेतु. व्यवहारदृष्ट्या तो योग्यही आहे. पण महत्त्वाचा कोण, हें जुन्या जगांत यंत्रानें ठरवावयाचें, आणि गाळलेल्याची जागा रिकामीही दिसूं द्यावयाची नाहीं, हें आम्हांस खटकतें. आमच्या दप्तरांतही वाळवीनें व वारसांनीं पुष्कळ गाळलें आहे. परंतु वाळवीनें खाल्लेल्या कागदाचें भोंक तरी दिसतें.

गमतीचा भाग असा कीं, या खेळांतले पंडित आम्हांहून मागें नाहींत. ते ज्या विषयांचा शोध लावतात, त्यांत गणित, ज्योतिष, वैद्यक यांबरोबर इतिहासशास्त्रही आहे. आणि त्यांत साधनांची विश्वसनीयता, साधनांत राजसत्तेच्या पक्षपातानें येणारा दोष, प्रत्यक्ष साक्षीदारांच्या मुलाखती, असे विषय स्वतंत्रपणें येतात. असे शोध लागण्यास काळ लागतो, म्हणून जुन्या जगांत ते सांपडण्याचा संभव अधिक. म्हणजे बुटक्यांच्या वाचनालयांत बसलेला पंडित साधनांची छाननी कशी करावी यावर ग्रंथ लिहितो, आणि त्याच जगाची मुख्य वही मात्र छाननीच्या पलीकडे राहते. त्यावर कडी अशी कीं, त्या ग्रंथांचें नांव, कर्ता, विषय व लेखनशैलीचा बरावाईट अभिप्राय एवढेंच खेळ आपणांस सांगतो. आंतला मजकूर कोठेंच नाहीं. संग्रहांतल्या प्रत्येक बाडाची यादी आहे, आणि बाडें कोरीं आहेत. आमच्यापैकीं ज्यांनीं नुसत्या याद्यांवर समाधान मानलें आहे, त्यांनीं हें चित्र थोडें जवळून पाहावें.

हे दोष असाध्य आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. किंबहुना त्यांवरील उतारा खेळांतच आहे. त्याच तपशीलवार पर्यायांत सर्व इतिहास उघडा ठेवावा कीं झांकावा, हें ठरवितां येतें. तो झांकला, म्हणजे जें कळेल तें गढींतल्या कोरीवकामावरून, पाहुण्यांकडून, हातीं आलेल्या वस्तूंवरून कळेल. अशा रीतीनें खेळलें असतां भिंतीवरचें प्रत्येक चित्र हा पुरावा होतो, आणि पुरावा अपुरा आहे ही जाणीवही राहते. त्या राजाचें मारलें जाणें आम्हीं आधीं शकावलींत वाचलें असतें, तर म्होरक्याचें नांव पाहून आम्हांस नवल वाटलें नसतें.

तेव्हां जगाचें वय किती असावें ? आमचें मत असें. केवळ झुंजीची आवड असणाऱ्यानें तरुण जग घ्यावें. त्यास आजे नसले तरी चालतील. संकटग्रस्त वसाहतीची करुण कथा ज्यास हवी, त्यानें हजार वर्षें चालवावींत व बुडालेलें राज्य निवडावें. पण ज्यास इतिहासाशीं खेळावयाचें आहे, त्यानें दीडशें ते अडीचशें या टप्प्यांत कोठें तरी थांबावें. तेथें पहिल्या पिढीचे शेवटचे म्हातारे नुकते गेलेले किंवा जाण्याच्या बेतांत असतात, शत्रु जिवंत असतात, पोथ्या पसरूं लागलेल्या असतात, आणि महाप्राणीही अगदींच संपलेले नसतात. स्मृति व कागद यांचा सांधा तेथें आहे. त्याच्या अलीकडे सर्वच माहीत असणारे लोक आहेत. त्याच्या पलीकडे कोणासच कांहीं माहीत नाहीं.

आमच्या प्रांतींही हा सांधा अनेक घराण्यांत आतां ओलांडला जात आहे. ज्या रुमालांचा अर्थ सांगणारे गेले, ते रुमाल पुढच्या पिढीस नुसतें ओझें वाटतात, आणि रद्दींत जातात. रुमाल अधिक जुना झाला म्हणून त्याची किंमत आपोआप वाढत नाहीं. कोणत्या तंट्याचा, कोणत्या वतनाचा, कोणत्या हद्दीचा तो कागद, आणि त्या हद्दीवर आज कोण नांदतें, हें सांगणारा जिवंत मनुष्य भेटला तर ती वाढते. तो मनुष्य असेतों त्याची जबानी लिहून कागदाबरोबर ठेवणें, हें संग्राहकांचें पहिलें काम होय. दोघां बंधूंनीं रचिलेल्या या कल्पित जगानें तेंच उलट बाजूनें दाखविलें आहे : सहा आयुष्यें लोटल्यावर वही हजारों पानांची झालेली असते, आणि गढीच्या दाराशीं तिच्यापैकीं एकाही पानाची ओळख पटविणारा कोणी येत नाहीं.